मूकपट पाहायला कसं शिकावं: उरलेली रिळं, गिरगाव आणि दादर

‘मला मूकपट बघायचेत, यादी द्या’ असं कोणी म्हटलं की मी लगेच यादी देत नाही. यादीतले बहुतेक चित्रपट आज कुठेच नाहीत. दोन दशकांत आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट तयार झाले. त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेले अगदी थोडे आणि बाकी काहींचे तुकडे. नवा माणूस उत्साहाने मूकपटांची तारका सुलोचना हिचं नाव वाचतो, तिचा चित्रपट शोधतो, एखादा फोटो हाती लागतो आणि तिथेच त्याचं कुतूहल संपतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी जे उरलंय ते नीट पाहायचं, मग ते जिथे घडलं ती जागा पायी फिरायची आणि त्यानंतर जे हरवलंय त्याच्याकडे वळायचं. मुंबईत राहणाऱ्याला हे तिन्ही जमण्यासारखं आहे, खर्चही जवळजवळ नाही.

पहिली पायरी: एकच चित्रपट, दोनदा

सुरुवात ‘कालिया मर्दन’पासून करा. दादासाहेब फाळक्यांचा हा १९१९ सालचा चित्रपट बऱ्यापैकी सलग उरलेला आहे. तो यूट्यूबवर फुकट मिळतो आणि पाऊण तासाच्या आसपास संपतो. ‘राजा हरिश्चंद्र’ आधी पाहू नका. तो तुटक आहे. पहिल्याच दिवशी तुटक पाहिलं की ‘जुनं म्हणजे असंच’ हा समज डोक्यात बसतो आणि मग निघत नाही.

पाहण्याआधी दोन-तीन गोष्टी करा. मोबाइलवर पाहू नका, निदान लॅपटॉप घ्या, टीव्ही असेल तर उत्तम. खोलीत अंधार करा. मागे कोणी भलतंच संगीत चिकटवलं असेल तर आवाज बंद करा. आणि वेग तपासा, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं पडत, तीही सगळीकडे सारखी नाहीत. बोलपट आल्यावर २४ चित्रं ठरून गेली. १६ च्या हिशोबाने काढलेलं २४ च्या वेगाने दाखवलं की माणसं तुरुतुरु पळतात आणि आपल्याला हसू येतं. तो दोष नटांचा नाही, फाळक्यांचाही नाही. चालणारी माणसं घाईत दिसली तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये वेग ०.७५ करा. फरक पाहून तुम्ही चकित व्हाल. ज्याला आपण ‘जुन्या काळचा अतिअभिनय’ म्हणतो, त्यातला बराचसा त्या एका बटणाने नाहीसा होतो.

आता सुरुवात लक्ष देऊन पाहा. कथा सुरू होण्याआधी फाळके आपली सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिचा चेहरा समोर आणतात. ती एकामागून एक भाव दाखवते आणि मग तीच कृष्ण होते. प्रेक्षकांना ते आधीच सांगून टाकतात, ही एक लहान मुलगी आहे, ती आता नाटक करणार आहे. तरीही पुढे कृष्ण डोहात उडी घेतो तेव्हा आपला श्वास अडकतो. पाण्याखालची झुंज आणि काठावरच्या माणसांचा आकांत आलटून पालटून येतो तो भाग थांबवून थांबवून पाहा. खाली काय चाललंय ते काठावरच्यांना दिसत नाही, आपल्याला दिसतं. ताण तिथून येतो. शंभर वर्षांपूर्वी, कुठल्याही फिल्म शाळेत न जाता, या माणसाला हे उमगलं होतं.

पहिल्यांदा पाहताना पाट्या वाचा, म्हणजे दृश्यांच्या मध्ये येणारा मजकूर. दुसऱ्यांदा पाहताना पाट्यांकडे दुर्लक्ष करा आणि फक्त शरीरं बघा. हात कुठे आहेत, मान कधी वळते, कोण कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं आहे. एक आठवडा मध्ये जाऊ द्या, दोन्ही एकाच दिवशी नकोत.

आणखी एक. आभाळ पांढरंफटक दिसेल आणि लाल रंगाच्या वस्तू काळपट. त्या काळच्या फिल्मला निळा रंग फार लवकर जाणवे आणि लाल जवळजवळ जाणवतच नसे. चेहऱ्यांना थापलेला जाड रंग त्यासाठी होता.

दुसरी पायरी: ‘राजा हरिश्चंद्र’, आहे तेवढा

हा ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. त्याआधी २१ एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला होता. मूळ लांबी सुमारे ३,७०० फूट, म्हणजे चार रिळं. आज त्यातला सुरुवातीचा आणि शेवटचा भाग उरला आहे. उरलेला भाग १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीचा आहे, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. नवशिक्याने या वादात अडकू नये, पण वाद आहे हे ठाऊक असावं.

काय पाहायचं? हरिश्चंद्र मुलाला धनुष्यबाण शिकवतो ते पहिलं दृश्य. ज्वाळांमधून शक्ती प्रकटतात ती युक्ती. आणि हौदातल्या पाण्यात खेळणाऱ्या तारामती आणि तिच्या सख्या. त्या सगळ्या बायका पुरुष आहेत. फाळक्यांनी खूप शोध घेतला, पण चित्रपटात काम करायला एकही स्त्री तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके त्यांना सापडले. तिथे त्यांना महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले अशी हकिकत सांगतात. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि रोहिताश्व झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. मंडळींनी घरी काय सांगावं? हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे, असं. सिनेमात काम करतो म्हणण्यापेक्षा ते बरं.

याच साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्याचेही आज तुकडेच आहेत. पण हौदाचं दृश्य पाहून झाल्यावर ते तुकडे पाहा. एकच माणूस खांदे किती वेगळे ठेवतो ते कळेल. नाटकातल्या स्त्रीपार्टी नटांची परंपरा आपल्या लोकांना ठाऊक आहे, बालगंधर्वांमुळे. साळुंक्यांचं नाव मात्र कोणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फाळक्यांवर २००९ साली आलेला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ तुम्ही कदाचित पाहिला असेल. नसेल तर आता पाहा, आधी नको. मूळ दृश्यं डोळ्यांत बसल्यावर तो जास्त भावतो.

तिसरी पायरी: पाच तारखा

इथे फार वेळ घालवू नका. पाच तारखा लक्षात राहिल्या की पुरे.

७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया. छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, त्या खेळांनी भारावले. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. रँग्लर परांजपे केंब्रिजचा मान मिळवून परतले त्या स्वागताचंही चित्रण त्यांनी केलं. आपल्याकडचा वार्तापट तिथून सुरू होतो. १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ आला, तोही कॉरोनेशनमध्येच. मग १९१३ आणि शेवटची तारीख १४ मार्च १९३१. त्या दिवशी मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला.

तोरणे आधी की फाळके आधी, हा प्रश्न तुम्हाला कोणीतरी विचारणारच. माझं मत सांगतो. ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरामन इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. फाळक्यांनी कॅमेऱ्यासाठीच पटकथा रचली आणि फिल्म धुण्यापासून जोडण्यापर्यंत सगळं दादरच्या घरात केलं. म्हणून मी पहिला मान फाळक्यांना देतो. पण तोरण्यांचं श्रेय पुसून टाकणारे लोक मला आवडत नाहीत. तारीख त्यांची आधीची आहे आणि ती तशीच सांगायला हवी.

चौथी पायरी: एक रविवार, पायी

रविवारी सकाळी लवकर निघा, गर्दी कमी असते. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या.

काळा घोड्याला सुरुवात. वॉटसन हॉटेलची इमारत, पुढे एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली गेली ती, बिडाच्या सांगाड्याची आहे आणि तिची अवस्था नाजूक आहे. आत जायचा प्रयत्न करू नका, समोरच्या फुटपाथवरून बघा. या शहरात हलतं चित्र पहिल्यांदा दिसलं ते इथे, साहेबलोकांच्या हॉटेलात.

तिथून बस किंवा टॅक्सीने गिरगावात या. सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणजे पूर्वीचा सँडहर्स्ट रोड. याच रस्त्यावर कॉरोनेशन होतं आणि याच परिसरात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नावाचा तंबू होता. तिथे फाळक्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर येशूऐवजी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले. आज इथे दाखवायला काही नाही. नुसता रस्ता, दुकानं, वाहनं. मी नव्या लोकांना इथेच दहा मिनिटं थांबवतो. ‘राजा हरिश्चंद्र’ इथे लागला तेव्हा चाळींतून माणसं आली, बायका आल्या, मुलांना कडेवर घेऊन आल्या. पडद्यावरचा देव त्यांना ओळखीचा होता, पाट्या वाचता आल्या नाहीत तरी चालत होतं.

पुढे जगन्नाथ शंकरशेठ मार्गाला या. मॅजेस्टिक सिनेमा इथे होता, आता त्या नावाचं शॉपिंग सेंटर आहे. ‘आलम आरा’च्या वेळी इथे पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं म्हणतात. इथून चालत ऑपेरा हाउस आणि मग केनेडी पूल. पुलाजवळ ‘आलम आरा’ काढणाऱ्या अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता, पुढे त्याचं नाव ज्योती स्टुडिओ झालं. पुलावर उभं राहून लोकल जाऊ द्या, तिचा आवाज ऐका. ‘आलम आरा’चं चित्रण बरंचसं रात्री करावं लागलं ते या गाड्यांमुळे. मूकपटाच्या काळात गाडी गेली काय नि आली काय, कुणाला फिकीर नव्हती. माइक आला आणि शहराचा आवाज अडचण झाला. पुस्तकात चार वेळा वाचून मला जे कळलं नव्हतं ते या पुलावर कळलं.

दुपारी जेवून दादर पूर्वेला या. स्टेशनाबाहेरचा दादासाहेब फाळके मार्ग म्हणजे पूर्वीचा दादर मेन रोड. इथल्या मथुरादास भवनात फाळक्यांचा संसार आणि स्टुडिओ एकत्र चालत होता. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत, उन्हाचा प्रकाश नटांवर पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत आणि रात्री दिव्याशिवाय फिल्मच्या कडेला भोकं पाडत. कच्ची फिल्म विनाभोकांची येई. तंत्रज्ञ म्हणून त्यांचं नाव घ्यायला हवं. त्यांना नुसती ‘साथ देणारी पत्नी’ म्हणणं अपुरं आहे. पैसे उभे करायला फाळक्यांनी आधी एक युक्ती केली होती. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रण केलं. ती छोटी फिल्म पाहून पैसे देणारा माणूस मिळाला. विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

याच रस्त्यावर रणजीत स्टुडिओ आहे. दिग्दर्शक चंदुलाल शाह आणि नटी मिस गोहर यांनी १९२९ साली सुरू केलेला. बाहेरून पाहा आणि परवानगीशिवाय आत शिरू नका.

उत्साह उरला असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पेडर रोडवरच्या गुलशन महालातलं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय गाठा. सोमवारी बंद असतं. निघण्याआधी चालू आहे का याची खात्री करून घ्या.

पाचवी पायरी: बायका

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये बाई नव्हती, पण त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दोन आल्या, आई आणि मुलगी. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि कमलाबाई मोहिनी. कमलाबाई पुढे गोखले झाल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. म्हणजे तुम्ही ज्या विक्रम गोखल्यांना टीव्हीवर पाहिलंत, त्यांच्या आजीने आणि पणजीने तो उंबरठा ओलांडला होता. दुर्गाबाई एकट्या मुलीला वाढवत होत्या. पोटासाठी रंगभूमीवर आल्या आणि समाजाची बोलणी खाल्ली.

फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. आपल्याकडची ही पहिली स्त्री दिग्दर्शक. स्वतःची कंपनीही त्यांनी काढली. ‘आलम आरा’ची नायिका झुबेदा ही त्यांची मुलगी. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ आज उपलब्ध नाही.

आणि सुलोचना. मूळ नाव रुबी मायर्स, बगदादी ज्यू घराण्यातली मुलगी, टेलिफोन ऑपरेटर. कोहिनूर कंपनीतून पडद्यावर आली आणि बघता बघता या शहराची सगळ्यात मोठी तारका झाली. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने आठ भूमिका केल्या. बोलपट आले तेव्हा हिंदी जमत नव्हतं, म्हणून मागे पडली. मग भाषा शिकली आणि आपलेच मूकपट बोलके करून परत आली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. ज्या माणसाला बाई मिळत नव्हती, त्याच्या नावाचा.

सहावी पायरी: १९२०च्या दशकातली मुंबई

इथवर आलात की फाळके म्हणजेच मूकपट हा समज सोडायची वेळ येते. १९२० नंतर मुंबईत कंपन्या उगवल्या. द्वारकादास संपतांच्या कोहिनूरने १९२१ मध्ये ‘भक्त विदुर’ काढला. त्यातला विदुर गांधी टोपीत दिसला आणि मद्रास, कराची इथे त्यावर बंदी आली. पौराणिक गोष्टीतून सरकारला टोचणं आपल्या नाटकवाल्यांना जमत होतंच, खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आठवा. १९२५ मध्ये मलबार हिलवर व्यापारी बावला यांचा खून झाला, त्यात इंदूरच्या होळकर दरबाराचं नाव आलं आणि त्याच वर्षी कोहिनूरने त्यावर ‘कुलीन कांता’ काढलासुद्धा.

मास्टर विठ्ठल यांना विसरू नका. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून आलेला हा गडी तलवारबाजी आणि उड्यांसाठी प्रसिद्ध झाला. ‘आलम आरा’साठी त्यांनी जुनी कंपनी सोडली तेव्हा करारावरून खटला झाला आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर जिना. पण विठ्ठलना उर्दू संवाद पेलेनात. म्हणून पहिल्या बोलपटाच्या नायकाला बराच वेळ गुंगीत, न बोलता दाखवावं लागलं.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हा वेगळा अभ्यास आहे. तूर्त एवढंच, की त्यांनी कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२५ चा ‘सावकारी पाश’ शेतकऱ्याच्या कर्जावर काढला. त्यात तरुण शांताराम होते. तो चित्रपट उरला असता तर आपण आज बरंच काही वेगळं बोललो असतो.

सातवी पायरी: हरवलेल्याचा माग

एक वही करा. प्रत्येक पानावर एक हरवलेला चित्रपट लिहा. नाव, साल, कंपनी, कोण होतं, थिएटर, जाहिरातीतले शब्द. जाहिराती जुन्या वर्तमानपत्रांत मिळतात. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात आणि टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत चौकशी करा. ओळखपत्र आणि पेन्सिल न्या. ग्रंथपालांना ‘मूकपटाबद्दल काही आहे का’ असं मोघम विचारू नका. ‘मे १९१३चे अंक’ असं विचारा, मदत लगेच मिळते. १९२७-२८ मध्ये सरकारने चित्रपटांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रंगाचारी समितीसमोरच्या साक्षी छापील आहेत, त्यांत फाळक्यांचीही आहे. फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकात लिहिलेले लेख तर मराठी वाचकाने मुळातून वाचायलाच हवेत.

पुण्याला जाणं झालं तर प्रभात रोड परिसरातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पाहा. १९६४ साली ते सुरू झालं. फाळक्यांची उरलेली रिळं तिथले संग्रहपाल पी. के. नायर यांच्या धडपडीमुळे तिथे जमली. ‘दिलेर जिगर’ हा १९३१ चा मारधाडीचा मूकपटही उरलेल्यांपैकी आहे, त्यात तरुण ललिता पवार आहेत. पुढची खाष्ट सासू विसरून पाहा.

आणि कोणाच्या माळ्यावर, जुन्या वाड्यात किंवा भंगारवाल्याकडे फिल्मचा डबा सापडला तर? हे नीट लक्षात ठेवा, कारण चांदी काढण्यासाठी वितळवून आणि आगीत जळून आपलं बरंच गेलंय. १९५० च्या आधीची ३५ मिलिमीटरची फिल्म बहुधा नायट्रेटची असते. ती पेटली तर पाण्यातही जळत राहते. विडी, दिवा, शेगडी जवळ नको. प्रोजेक्टरवर चढवू नका, रिळ उलगडू नका, पुसू नका. उग्र वास येत असेल, फिल्म चिकट झाली असेल किंवा तपकिरी भुकटी दिसत असेल तर डबा घट्ट बंद करू नका आणि उन्हाच्या खोलीत मुळीच ठेवू नका. गार आणि हवेशीर जागी, बाकी सामानापासून लांब ठेवा. डब्यावरचा मजकूर, चिठ्ठी, शिक्का यांचे फोटो काढा. मग पुण्याच्या संग्रहालयाला कळवा आणि त्यांचा माणूस सांगेल तसं करा. पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवू नका. डबा ज्यांच्या घरातला आहे त्यांचं नाव, गाव आणि तो त्यांच्याकडे कसा आला हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.